तारीख ठरली, पण रक्ताचे काय?

मे महिना सुरू झाला की आमच्या सांगली, मिरज, कुपवाड भागातील ऑपरेशन थिएटरे सकाळी लवकर उघडतात आणि रात्री उशिरा बंद होतात. मुलांच्या परीक्षा संपलेल्या असतात, उसाचे बिल हातात आलेले असते, घर सांभाळायला गावाकडून आई नाहीतर सासूबाई येऊ शकते. गर्भाशयाची गाठ, पित्ताशयातील खडे, हर्निया, मूळव्याध, गुडघा असे वर्षभर पुढे ढकललेले सगळे दुखणे या दोन महिन्यांत उरकायचे असते. मी भूलतज्ज्ञ आहे, म्हणजे लोकांच्या भाषेत 'भूल देणारा डॉक्टर'. पेशंटची आणि माझी पहिली भेट बहुधा ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी होते. माझी आजची तक्रार नेमकी या 'आदल्या संध्याकाळी'बद्दल आहे.

गेल्या उन्हाळ्यातील एक प्रसंग सांगतो. कुपवाडच्या एका बाईंचे गर्भाशयाचे ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ठरले होते. वय बेचाळीस. एमआयडीसीतील एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला जाणाऱ्या. मी डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, ती कागदासारखी पांढरी. नखे पसरट झालेली. रिपोर्ट पाहिला, हिमोग्लोबीन ६.९ ग्रॅम! मी काही बोलण्याआधीच त्यांचे दीर म्हणाले, "डॉक्टरसाहेब, काळजी करू नका. दोन बाटल्यांची सोय केलीया. आज रात्रीत चढवा आन् सकाळी टाका करून."

मी बाईंना विचारले, "ताई, ऑपरेशन करायचे कधी ठरले होते?"

"संक्रांतीला. पोरीची दहावी होती, म्हणून मे महिन्यावर टाकलं."

"आणि तेव्हा रक्त तपासले होते?"

"व्हय, तवा आठ का साडेआठ होतं. गोळ्या दिल्या होत्या, पण मळमळायचं म्हणून बंद केल्या."

म्हणजे जानेवारीत रक्त कमी होते हे कळले होते, मे महिन्यात ऑपरेशन करायचे हेही ठरले होते. मध्ये चार महिने होते. या चार महिन्यांत रक्त वाढवण्याऐवजी दर महिन्याला ते अंगावरून जात राहिले आणि आता एका रात्रीत आम्ही ते भरून काढायला निघालो होतो. तहान लागल्यावर विहीर खणणे म्हणतात ते हेच!

मी त्या दिवशी भूल द्यायला नकार दिला. घरच्यांचा संताप मी समजू शकतो. बाईंनी कारखान्यातून बिनपगारी रजा घेतली होती, सासूबाई गावाकडची जनावरे शेजाऱ्यांच्या भरवशावर टाकून आल्या होत्या. "एवढं साधं रक्त चढवायचं, त्यात काय?" असे त्यांना वाटणे स्वाभाविक होते. एके काळी मलाही तसेच वाटत असे. माझ्या उमेदवारीच्या काळात अशाच एका पेशंटला मी आदल्या रात्री दोन पिशव्या देऊन सकाळी टेबलवर घेतले होते. ऑपरेशन उत्तम झाले. रात्री मात्र त्या बाईंना धाप लागली, फुफ्फुसात पाणी साचले. वर्षानुवर्षे पातळ रक्तावर धावून दमलेल्या हृदयाला ती अचानक वाढलेली भरती झेपली नाही. दोन दिवसांनी त्या सावरल्या, पण त्या दोन रात्री मी विसरलेलो नाही. चूक कोणा दुसऱ्याची नव्हती, माझीच होती.

असे का होते, हे थोडे समजून घेऊ. रक्तातील हिमोग्लोबीन हे प्राणवायू वाहून नेणारे द्रव्य. ते बनवायला लोह लागते. निरोगी स्त्रीच्या १०० मिलिलीटर रक्तात ते निदान १२ ग्रॅम आणि पुरुषाच्या रक्तात १३ ग्रॅम असावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे माप आहे. ते कमी असले तर हृदय जास्त वेगाने धावून उणीव भरून काढते. म्हणूनच ७ ग्रॅम हिमोग्लोबीन असलेली बाई घरचे पाणी भरते, कारखान्यात आठ तास उभी राहते आणि आपल्याला काही झाले आहे असे तिला वाटतही नाही. फार तर "जरा दम लागतो" म्हणते.

ऑपरेशनचा दिवस हा बँकेतून मोठी रक्कम काढण्याच्या दिवसासारखा असतो. रक्त थोडे तरी जाणारच. १३ शिल्लक असताना दोन गेले तर ११ उरतात, माणूस तिसऱ्या दिवशी हिंडूफिरू लागतो. ८ शिल्लक असताना तेच दोन गेले तर ६ उरतात. मग जखम भरायला वेळ लागतो, जंतुसंसर्गाला वाट मिळते, हृदयावर ताण येतो. २०११ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात सव्वादोन लाखांहून अधिक पेशंटांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुमारे ३० टक्के लोकांना ऑपरेशनपूर्वी रक्तक्षय होता आणि अगदी सौम्य रक्तक्षय असणाऱ्यांमध्येही ऑपरेशननंतरची गुंतागुंत व मृत्यू यांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळले. तो अभ्यास मुख्यतः परदेशातील होता. आपल्याकडची स्थिती काय? २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. म्हणजे ऑपरेशनला येणाऱ्या दोन बायकांपैकी एकीचे खाते आधीच रिकामे, असे धरून चालायला हरकत नाही.

मग पिशवीने हे खाते का भरत नाही? हिशेब करून पाहू. पन्नास किलो वजनाच्या बाईचे हिमोग्लोबीन ७ आहे आणि ते १३ करायचे आहे. किती लोह लागेल, हे काढायचे सूत्र सोपे आहे. वजन गुणिले कमी पडणारे ग्रॅम गुणिले २.४, अधिक शरीराच्या कोठारासाठी ५००. उत्तर येते १,२२० मिलिग्रॅम. रक्ताच्या एका पिशवीतून साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह मिळते आणि हिमोग्लोबीन जेमतेम एका ग्रॅमने वाढते. दोन पिशव्या दिल्या तरी ७ चे ९ होणार, आणि निम्म्याहून अधिक देणे बाकीच राहणार. त्यातच दिलेल्या रक्तातून ताप, अंगावर पित्त उठणे, हृदयावर ताण, क्वचित एखादा संसर्ग हे धोके पत्करायचे. तपासण्यांमुळे आजचे रक्त पूर्वीपेक्षा पुष्कळ सुरक्षित झाले आहे हे खरे, पण दुसऱ्याचे रक्त अंगात घेणे ही शेवटी एक प्रकारची कलमबांधणीच असते. उगीच करायची गोष्ट नव्हे.

'दहाच्या वर असले की फिट' हा नियम कुठून आला, हेही सांगण्यासारखे आहे. १९४२ साली अमेरिकेत अॅडम्स व लंडी या डॉक्टरांनी ऑपरेशनपूर्वी हिमोग्लोबीन आठ-दहा ग्रॅमच्या खाली असेल तर रक्त द्यावे, असे सुचवले. त्या सूचनेचा पुढे मंत्र झाला आणि पन्नास वर्षे तो जगभर घोकला गेला. १९९९ साली कॅनडात अतिदक्षता विभागातील ८३८ पेशंटांवर झालेल्या अभ्यासात मात्र ७ ग्रॅमपर्यंत थांबून रक्त देणे हे १० ला देण्याइतकेच सुरक्षित ठरले. याचा अर्थ ७ ग्रॅम चांगले असा कुणी घेऊ नये. अर्थ एवढाच की पिशवी लावून कागदावरचा आकडा दहावर नेला म्हणजे पेशंट सुधारला, असे होत नाही. आकडा आमच्या समाधानासाठी वाढतो, पेशंटचे कोठार रिकामेच राहते.

यावर उपाय आहे, आणि तो महागडा नाही. त्याला फक्त वेळ लागतो. आपल्याकडे ठरवून होणाऱ्या ऑपरेशनांत हा वेळच भरपूर असतो! दिवाळी, मे महिना, उसाचे बिल, मुलांच्या परीक्षा, घरातले लग्न अशा हिशेबाने आपण तारीख दोन-दोन, तीन-तीन महिने आधी ठरवतो. माझे म्हणणे असे की तारीख ठरण्याच्या दिवशीच रक्त तपासावे आणि उपचार त्याच दिवशी सुरू व्हावेत. सर्जनने तारखेच्या चिठ्ठीवर हिमोग्लोबीनचा आकडा लिहावा. आकडा नसेल तर तारीखही नसावी. २०१७ साली या विषयातील आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी तर ऑपरेशनसाठी स्त्री-पुरुष दोघांनाही १३ हेच माप धरावे असे सुचवले आहे. ऑपरेशनमध्ये वाहणारे रक्त बाईचे म्हणून कमी वाहत नाही, मग तिने कमी शिल्लक घेऊन का जावे, हा त्यांचा मुद्दा मला पटतो.

पहिला प्रश्न विचारायचा तो रक्त कमी का झाले? अंगावरून जास्त जाते का? मूळव्याधीतून रक्त पडते का? अंग दुखते म्हणून रोज वेदनाशामक गोळ्या खाऊन जठरातून रक्त झिरपते का? आमच्या एमआयडीसीत उभ्याने काम करणाऱ्यांत हे नेहमी आढळते. शेतात अनवाणी काम करणाऱ्यांच्या आतड्यात आकडीचे जंत असतात, त्यांचे औषध एका गोळीचे असते. पन्नाशीच्या पुढच्या पुरुषाचे लोह कमी झाले असेल तर आतड्याची तपासणी टाळू नये, क्वचित कर्करोगाची ती पहिली खूण असते. प्रत्येक रक्तक्षय लोहाचाच असतो असेही नाही. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मूत्रपिंडाचा आजार, थॅलेसेमिया मायनर यांतही हिमोग्लोबीन कमी असते. म्हणून फेरिटिन ही तपासणी करावी. ते ३० च्या खाली असेल तर लोहाचे कोठार रिकामे आहे असे समजावे. दुकानातून 'रक्तवाढीचे टॉनिक' आणून पिणे हा याला पर्याय नाही.

मग गोळ्या. लोहाची साधी गोळी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळते. मळमळ होते म्हणून लोक ती सोडतात, आणि इथेच आम्ही डॉक्टर कमी पडतो. दोन वाक्ये सांगायला आम्हाला वेळ नसतो. आज आपल्याला माहीत आहे की लोहाची गोळी घेतल्यावर शरीर पुढचा दिवसभर लोहाचे दार अर्धवट लावून घेते. त्यामुळे गोळ्यांचा मारा करण्यापेक्षा एक दिवसाआड घेतलेली गोळी चांगली अंगी लागते आणि मळमळही कमी होते, असे अलीकडच्या अभ्यासांत दिसले आहे. गोळी लिंबू सरबताबरोबर घ्यावी. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्याबरोबर घेऊ नये, निदान दोन तासांचे अंतर ठेवावे. शौचाला काळे होते त्याला घाबरू नये. नीट घेतली तर तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबीन एक ते दोन ग्रॅमने वाढते. पुढे ऑपरेशन झाल्यावरही कोठार भरेपर्यंत दोन-तीन महिने गोळ्या चालू ठेवायच्या असतात.

गूळ-शेंगदाणे, बीट, डाळिंब याबद्दल मला रोज विचारणा होते. जरूर खा. हळीव, पालेभाज्या, लोखंडी तव्यावरची भाकरी, चालत असेल त्यांनी मटण, हे सगळे चांगलेच आहे. पण रोजच्या जेवणातून शरीर दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच लोह शोषते. १,२२० मिलिग्रॅमची तूट त्या वेगाने भरायची तर दोन वर्षे लागतील. आहार हा रक्तक्षय पुन्हा होऊ नये म्हणून आहे. तारीख दीड महिन्यावर असेल तर औषधच हवे.

गोळ्या सोसत नसतील, हिमोग्लोबीन फार कमी असेल किंवा वेळ थोडा असेल तर शिरेतून लोह देता येते. पूर्वी कमरेत दिली जाणारी दुखरी, कातडीवर डाग पाडणारी इंजेक्शने वाचकांच्या स्मरणात असतील. आता तसे राहिलेले नाही. आयर्न सुक्रोज थोड्या थोड्या मात्रेत काही दिवस देतात, तर फेरिक कार्बोक्सिमाल्टोज हजार मिलिग्रॅमपर्यंत एका बैठकीत सलाइनमधून देता येते. ते दवाखान्यातच, देखरेखीखाली घ्यावे. क्वचित प्रतिक्रिया येऊ शकते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. २०२० साली इंग्लंडमध्ये पोटाच्या मोठ्या ऑपरेशनपूर्वी अशी लोहाची सलाइन देऊन ४८७ पेशंटांचा अभ्यास झाला. त्यात रक्त देण्याचे किंवा मृत्यूचे प्रमाण कमी झाले नाही. मग मी हा उपाय का सांगतो? त्या पेशंटांपैकी बहुतेकांची पातळी ११ च्या आसपास होती, आपल्याकडे ७ आणि ८ ची माणसे टेबलवर येतात. आणि त्या अभ्यासातून मी घेतलेला धडा असा की ही सलाइन म्हणजे जादू नव्हे. कारण शोधणे, रक्तस्राव थांबवणे, लोह देणे, ऑपरेशनमध्ये रक्त कमी जाऊ देणे या साऱ्या गोष्टी एकत्र केल्या तरच गुण येतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात २००८ पासून असा एकत्रित कार्यक्रम राबवला गेला. तेथील मोठ्या रुग्णालयांत सहा वर्षांत दर पेशंटमागे लागणारे रक्त ४१ टक्क्यांनी घटले. आपल्या रक्तपेढ्यांची मे महिन्यातली ओढाताण ज्यांनी पाहिली आहे त्यांना या आकड्याचे मोल वेगळे सांगायला नको. कॉलेजे बंद, शिबिरे कमी, आणि त्याच वेळी ऑपरेशनांची गर्दी. ठरवून केलेल्या ऑपरेशनसाठी वाचवलेली पिशवी पेठ नाक्यावरच्या अपघातातील मुलाला किंवा अडलेल्या बाळंतिणीला मिळते.

थांबण्याचा आणखी एक फायदा आहे. कधी कधी ऑपरेशनच टळते. आपल्या कारखान्यांच्या फडात ऊस तोडायला बीडकडून हजारो बायका येतात. त्यांच्यातील गर्भाशय काढण्याच्या प्रमाणाबद्दल ओरड झाल्यावर २०१९ मध्ये राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांतली किती ऑपरेशने खरोखर जरुरीची होती, याचा विचार प्रत्येक डॉक्टरने आपल्या मनाशी करावा. अंगावरून जास्त जाणे औषधाने आटोक्यात येऊ शकते. सहा आठवडे औषध आणि लोह घेतलेली बाई पुष्कळदा म्हणते, "आता बरं वाटतंय, पिशवी काढायलाच पाहिजे का?" हा प्रश्न विचारायची संधी तिला मिळायला हवी.

गैरसमज नको म्हणून सांगतो. मी रक्त देण्याच्या विरोधात नाही. अपघात, बाळंतपणातील रक्तस्राव, फुटलेले अल्सर अशा वेळी पिशवी प्राण वाचवते, तेथे क्षणाचाही उशीर करू नये. कर्करोगाचे ऑपरेशनही हिमोग्लोबीनची वाट पाहत महिनोन्महिने लांबवायचे नसते, तेथे आहे त्या दोन-तीन आठवड्यांत जमेल तेवढे करायचे. आणि ज्यांना बसल्या जागी धाप लागते आहे त्यांनाही कधी रक्त द्यावेच लागते, पण सावकाश, एकेक पिशवी. माझा वाद आहे तो ठरवून केलेल्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री, केवळ कागद नीट दिसावा म्हणून चढवलेल्या पिशवीशी.

१८९४ साली डॉ. वानलेस यांनी मिरजेत रुग्णालय उघडले, तेव्हापासून आसपासच्या जिल्ह्यांतून आणि कर्नाटकातून लोक ऑपरेशनसाठी आपल्या भागात येत आले आहेत. इतकी जुनी परंपरा असलेल्या गावांनी एवढी साधी शिस्त लावून घ्यायला काय हरकत आहे? पेशंटनेही आपल्या बाजूने तीन प्रश्न विचारावेत. माझे हिमोग्लोबीन किती आहे? कमी असेल तर का कमी आहे? आणि ऑपरेशनपूर्वी ते पुन्हा कधी तपासायचे? असे विचारल्याने कोणताही चांगला डॉक्टर रागावणार नाही. रागावला तर खुशाल माझे नाव सांगा!

त्या कुपवाडच्या बाईंचे पुढे काय झाले, हे वाचकांना जाणून घ्यायचे असेल. रक्तस्राव थांबवायचे औषध सुरू केले, शिरेतून दोनदा लोह दिले, जंतांची गोळी दिली. पाच आठवड्यांनी हिमोग्लोबीन १०.८ झाले. गाठ मोठी होती, ऑपरेशन करावेच लागले, पण एकही पिशवी लागली नाही. चौथ्या दिवशी त्या चालत घरी गेल्या. त्यांचे दीर निघताना म्हणाले, "डॉक्टर, त्या दिवशी तुमचा लई राग आला होता." मी म्हटले, "राग येऊ दे. पण पुढच्या वेळी घरात कुणाची तारीख ठरली की आधी रक्त तपासा."

वाचकहो, आपल्या घरातही कुणाची तारीख दिवाळीवर किंवा पुढच्या मे महिन्यावर टाकलेली असेल. ऑपरेशनला अवकाश आहे. रक्त तपासायला मात्र उद्या सकाळीच जा.